बैलाचं कातडं आणि डोंगरावरच्या दोन राजधान्या
(बाळकुम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



निमंत्रण द्यायला तुमचे कार्यवाह घरी आले तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटलं, "कॉन्स्टंटाइन." ते वहीत लिहायला लागले आणि मध्येच थांबले. "सर, हे कुठं आलं?" "अल्जीरियात." थोडा वेळ गेला. मग अगदी आदबीनं म्हणाले, "लोक येतील ना?" त्यांची काळजी रास्त होती. रविवारची संध्याकाळ, त्यात लग्नसराई. शेवटी आम्ही तोड काढली: थोडं अल्जीरिया, बरंचसं जव्हार. जव्हारला तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी पावसाळ्यात एक तरी फेरी मारलेली असणार, दाभोसाच्या धबधब्यापुढे फोटो काढलेले असणार. पण आता कबूल करून टाकतो. ही दोन गावं मी तडजोड म्हणून जोडलेली नाहीत. ती एका बैलाच्या कातड्यानं फार पूर्वीच एकमेकांना शिवलेली आहेत. कार्यवाहांना तेव्हा मी ते सांगितलं नाही, इतकंच.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते भूगोल शिकवायचे. त्यांच्या वर्गात बसलेले काही जण इथं पुढच्या रांगेत आहेत, त्यांना आठवत असेल. गुरुजी फळ्यावर नकाशा काढताना आधी नद्या काढायचे, मग डोंगर, आणि सीमारेषा अगदी शेवटी, तीही तुटक. बहुतेक शिक्षक उलट करतात. आधी बाह्यरेषा काढतात आणि मग आत नद्या कोंबतात. मीही तीस वर्षं तसंच केलं. आज मात्र गुरुजींच्या क्रमानं जायचा विचार आहे.

तर आधी नद्या.

अल्जीरियाच्या ईशान्येला, समुद्रापासून आत, चुनखडीचा एक प्रचंड खडक आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर. रुमेल नावाची नदी या खडकाला वळसा घालत गेली आहे, आणि वळसा घालता घालता तिनं त्याच्याभोवती खोल घळ कोरली आहे. चुनखडी पाण्यात विरघळते, त्यामुळे नदीला घाई करावी लागली नाही. आज त्या घळीच्या काठावर उभं राहिलं की खाली नदी दोऱ्यासारखी दिसते. १९१२ साली तिथं सिदी मसीदचा झुलता पूल बांधला, तो नदीच्या पात्रापासून १७५ मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या घोडबंदर रोडवरचे पन्नास मजली टॉवर त्या पुलाखाली उभे केले तरी बहुतेक माना न वाकवता मावतील. खडक तीन बाजूंनी तुटलेला, आणि नैर्ऋत्येला फक्त एक अरुंद मान शिल्लक, जिच्यावरून जमिनीनं आत शिरता येतं. अशा जागी माणूस शहर वसवणार नाही तर काय करणार? ते शहर म्हणजे कॉन्स्टंटाइन. प्राचीन काळी त्याचं नाव सिर्ता. नुमिडियाच्या राजांची ती राजधानी.

आता आपल्याकडे या. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. विक्रमगड सोडलं की रस्ता वळणं घेत चढायला लागतो, आणि पावसाळ्यात एका ठराविक वळणानंतर एसटीच्या काचा पांढऱ्या होतात. हे पठार सह्याद्रीच्या मुख्य रांगेचं नव्हे. सह्याद्री आणि किनारा यांच्या मधोमध कोकणाच्या सपाटीवर उभा केलेला हा एक ओटाच आहे म्हणा. हनुमान पॉइंटवर उभे राहा, पायाखालची दरी पाहा, म्हणजे ओटा म्हणजे काय ते कळेल.

पण इथला खडक चुनखडीचा नाही, काळा कातळ आहे. लाव्ह्याचे थरावर थर. यातून पाणी विरघळवत रस्ता काढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत निघून जातं. म्हणून कॉन्स्टंटाइनला घळ आहे आणि जव्हारला धबधबे. दाभोसाची उडी सुमारे ३०० फुटांची. वाघ नदी उत्तरेकडे दमणगंगेला जाऊन मिळते. पिंजाळ, सूर्या आणि देहर्जे या दक्षिणेकडे, पश्चिमेकडे उतरून अखेर वैतरणेत. पठाराच्या दक्षिण अंगानं खुद्द वैतरणा. एवढ्याशा ओट्यावरून चारी दिशांना पाणी उतरतं, आणि ओट्यावर मात्र थांबत नाही. कातळात मुरायला जागा नाही, माती वीतभर. गुरुजींचा हा नकाशा जरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कातडं.

ते सिर्ताच्या शेजाऱ्याचं, कार्थेजचं. त्याची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी शाळेत ऐकली असेल. फिनिशियातल्या टायर नगरीची राजकन्या एलिसा, जिला रोमन लोक डायडो म्हणतात, भावाच्या जाचाला कंटाळून जहाजांतून पळाली आणि आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्याला लागली. परंपरेनं हे साल इसवी सनापूर्वी ८१४ मानतात. स्थानिक लोकांकडे तिनं जमीन मागितली. किती? तर एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी. लोक हसले असतील, हो म्हणाले. तिनं कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडली आणि एक अख्खी टेकडी वेढून घेतली. त्या टेकडीचं नाव बिर्सा. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ कातडं. विद्वानांचा कयास असा, की मुळात तो किल्ल्यासाठी वापरला जाणारा फिनिशियन शब्द असावा. ग्रीकांना तो आपल्या भाषेत कातड्यासारखा ऐकू आला आणि नावातून गोष्ट जन्मली. (बिर्सा म्हटल्यावर इथल्या काहींना वेगळाच बिर्सा आठवला असेल. तो केवळ योगायोग. त्यावर कुणी सिद्धांत उभारू नये. आपल्याकडे तेवढ्यावरही ग्रंथ निघतात.)

आता जव्हार. थळ घाटाजवळ मुकणे नावाचं गाव आहे. नाशिककरांना ते आज धरणामुळे माहीत आहे. तिथला जयबा पोपेरा हा महादेव कोळी नायक, मातीच्या एका लहानशा गढीचा धनी. कोळी म्हटलं की ठाण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे होडी आणि जाळं येतं, चेंदणीचा कोळीवाडा येतो. हे कोळी ते नव्हेत. हे डोंगरातले, घाटवाटा राखणारे, शेती करणारे. नावातलं साम्य सोडलं तर दोघांची जातकुळी वेगळी. तर या जयबाला पिंपरीच्या देवस्थानाजवळ पाच जण भेटले, त्यांनी त्याला राजा होशील असा आशीर्वाद दिला, त्यानं माणसं जमवली, पेठ आणि धरमपूरकडे गेला, सुरतेपर्यंत पोचला, काठेवाडात सात वर्षं काढली. परत आल्यावर जव्हारच्या वारली सरदाराकडे त्यानं एक मागणी केली. बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन. वारली सरदार हो म्हणाला, कातड्याच्या वाद्या निघाल्या, आणि वाद्यांच्या वेढ्यात जव्हार आलं. १३व्या शतकाच्या अखेरीपर्यंत जव्हार वारल्यांकडे होतं, कोळ्यांकडे नव्हतं, असं गॅझेटियर स्पष्ट सांगतं. इंग्रज अधिकाऱ्यांनी ही गोष्ट नोंदवताना लगेच डायडोची आठवण काढली. साहजिक आहे. शाळेत लॅटिन घोकलेली माणसं ती.

कातड्याची ही कथा जगात इतरही ठिकाणी सापडते. ती प्रवास करते. कुठून कुठं गेली याच्या मागे मी लागणार नाही. त्यात आयुष्यं गेलेली माणसं आहेत आणि अजून त्यांचं भांडण मिटलेलं नाही.

मला दुसऱ्याच प्रश्नात रस होता. एका कातड्यात जमीन मावते किती? जव्हारला मी कॉलेजात शिकवायला होतो तेव्हा बाजारात पायताणं शिवणारे एक कारागीर होते. त्यांना विचारलं, कातड्यातून लांबच लांब वादी कशी काढतात? त्यांनी तळहाताएवढा गोल तुकडा घेतला, कडेला रापी लावली आणि रापी न उचलता तुकडा गोल गोल फिरवत नेला. कुल्फीवाल्याच्या हातातून कागदाची गुंडाळी सुटावी तशी वादी सुटत गेली. मधोमध शेवटी नखाएवढा टिकला उरला, तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. वादी मोजली. माझ्या उंचीच्या दुपटीहून जास्त भरली.

मग घरी येऊन हिशोब मांडला. चांगल्या मोठ्या बैलाचं कातडं धरा ४ चौरस मीटर. अर्ध्या सेंटिमीटरची वादी काढली तर ८०० मीटर लांब होते. तिचा वर्तुळाकार वेढा घातला तर आत सुमारे साडेबारा एकर जमीन. एखाद्या वाड्याला पुष्कळ झाली. बाळकुममध्ये आज साडेबारा एकर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही हसायचं. पण जव्हार संस्थान होतं ३१० चौरस मैलांचं. तेवढं वेढायचं तर निदान १०० किलोमीटरची वादी हवी, आणि ४ चौरस मीटरमधून ती काढायची तर तिची रुंदी ०.०४ मिलिमीटर. माणसाच्या केसाहून बारीक. हा आकडा त्या कारागिरांना सांगितला तेव्हा त्यांनी रापीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागवला.

गणितवाल्यांना यातला दुसरा भाग आवडतो. दिलेल्या लांबीच्या दोरीनं जास्तीत जास्त जमीन कशी वेढायची, या कोड्याला ते डायडोचं कोडंच म्हणतात. उत्तर वर्तुळ. पण एक बाजू समुद्रानं आयतीच दिलेली असेल तर अर्धवर्तुळ करावं. तेवढ्याच दोरीत दुप्पट जमीन येते. डायडोला समुद्र होता. जयबाला काय होतं? दरी होती. गुरुजींचा नकाशा इथं उपयोगी पडतो. पठाराच्या कडा जिथं तुटतात तिथं वादी टाकायची गरजच नाही. राज्य वेढलं ते कड्यांनी. वादी लागली ती फक्त चढावाच्या वाटांवर, घाटाच्या तोंडांवर. म्हणजे गोष्ट खोटी असली तरी भूगोल खरा आहे. मूठभर माणसांनी एवढं पठार धरून ठेवायचं असेल तर ते असंच धरता येतं.

आणि या गोष्टीत फसतो कोण, ते पाहिलंत का? दोन्हीकडे आधीपासून तिथं राहणारा. कार्थेजच्या कथेत स्थानिक राजा यार्बस. जव्हारच्या कथेत वारली सरदार, ज्याचं नावसुद्धा गोष्टीनं ठेवलेलं नाही. बाहेरून आलेला हुशार, मूळचा भोळा. जमीन तलवारीनं घेतली म्हटलं तर पुढं कधीतरी हिशोब मागता येतो. युक्तीनं घेतली म्हटलं की हसून विषय संपतो. उलट जस्टिन नावाचा रोमन लेखक कार्थेजबद्दल एक बारकावा लिहून गेला आहे: डायडोच्या लोकांवर त्या जमिनीसाठी वार्षिक खंड बसला होता, आणि पुढं कार्थेज बळकट झाल्यावर तो भरणं त्यांनी बंद केलं. मला हा बारकावा कातड्याहून जास्त बोलका वाटतो. जव्हारच्या गोष्टीत खंडाचा उल्लेख नाही. दरबारी कथा आहे ती, तिच्यात खंड कसा असेल?

सिर्ताकडे परत जाऊ, कारण तिथं युक्तीला जागा नव्हती. मॅसिनिसा हा नुमिडियाचा राजा रोमच्या बाजूनं लढला आणि इसवी सनापूर्वी २०२ मध्ये झामाच्या लढाईत कार्थेजचा पाडाव झाला. त्याचा नातू जुगुर्था. यानं इसवी सनापूर्वी ११२ मध्ये सिर्ताला वेढा घालून आपल्याच दत्तक भावाला मारलं, सोबत शहरातले इटालियन व्यापारीही कापले, आणि रोमशी युद्ध ओढवून घेतलं. रोमन इतिहासकार सॅलस्टनं त्यावर ग्रंथ लिहिला, म्हणून आपल्याला ते ठाऊक. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन अंतर्गत लढाईत शहर उद्ध्वस्त झालं, सम्राट कॉन्स्टंटाइननं ३१३ साली ते पुन्हा उभारलं आणि त्याचं नाव मिळालं. अरब आले, तुर्क आले, नाव राहिलं. स्थानिक उच्चार आज क्सांतीना असा काहीसा होतो.

१८३६ च्या नोव्हेंबरात फ्रेंच फौज या खडकावर चढून गेली आणि थंडी-पावसात मार खाऊन परतली. पुढच्या वर्षी पुन्हा आली. १२ ऑक्टोबरला त्यांचा सेनापती दामरेमाँ तोफगोळ्यानं ठार झाला, १३ ऑक्टोबर १८३७ ला फौज तटाच्या भगदाडातून आत घुसली. कुठं? तर त्या नैर्ऋत्येच्या मानेवर. बाकी तीन बाजूंना घळ. त्या दिवशी शहरातले लोक घळीत दोर सोडून उतरायला लागले. दोर तुटले. ज्या घळीनं दोन हजार वर्षं शहर राखलं तिच्यातच शेकडो माणसं पडली. शहराचा शासक अहमद बे याचा राजवाडा पुरा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

त्याच दशकात आपल्याकडे कॅप्टन मॅकिंटॉश महादेव कोळ्यांचा वृत्तांत लिहून काढत होता. तिकडे तोफ, इकडे लेखणी. ठाण्याच्या परिसरातल्या डोंगरी लोकांची चौकशी कशासाठी होत होती, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

जव्हारच्या राजांचं पुढं काय झालं? जयबाचा मुलगा नेमशहा. त्याला दिल्लीच्या सुलतानानं राजा ही पदवी दिली ती ५ जून १३४३ ला, आणि तेव्हापासून जव्हारनं स्वतःचा शक सुरू केला. संस्थानाच्या कागदपत्रांत हा शक ब्रिटिश काळापर्यंत चालत होता. नेमशहाच्या काळी राज्यात २२ किल्ले आणि ९ लाखांचा वसूल होता असं गॅझेटियर म्हणतं. नंतरचा बराच काळ कागदावर जवळपास रिकामा आहे. डोंगरी राज्यांचं असंच असतं. खालचा कुणी वर आला तरच त्यांची नोंद होते.

१६६४ च्या सुरुवातीला असा एक जण आला. शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर निघाले ते त्र्यंबकच्या अंगानं जव्हारच्या पठारावरून. राजा विक्रमशहा मुकण्यानं शिरपेच देऊन त्यांचा सत्कार केला, त्या माळाला शिरपामाळ म्हणतात. आज तिथं स्मारक आहे, सहली थांबतात. सहलीच्या मार्गदर्शकाची गोष्ट बहुधा इथंच संपते. पण आठ वर्षांनी, जून १६७२ मध्ये, महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं, खजिना नेला आणि विक्रमशहाला मोगलांकडे नाशिकला आसरा शोधावा लागला. दोन्ही गोष्टी त्याच माणसांबद्दलच्या आहेत. शिरपेच खरा आणि मोरोपंतही खरे. सुरतेच्या वाटेवरचं पठार मित्राच्या ताब्यात असणं एक, आपल्या ताब्यात असणं दुसरं. भूगोल हाच होता दोन्ही वेळी. अठराव्या शतकात पेशव्यांनी किनाऱ्याकडचा सुपीक मुलूख तुकड्यातुकड्यानं काढून घेतला. वरचा कातळ तेवढा राजाकडे राहिला. १९०१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या होती ४७,५३८. इंग्रजांच्या राज्यात ९ तोफांची सलामी होती. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे, जयविलास राजवाडा त्यांच्याच कारकिर्दीतला. झाडीतला तो गुलाबी दगडी वाडा पाहायला लोक लांबून येतात, आणि त्याच रस्त्यानं मोगऱ्याच्या पाट्या दादरच्या बाजाराकडे निघालेल्या असतात, त्या मला वाड्याहून पाहण्यासारख्या वाटतात.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी, तिच्यासाठी मात्र रात्र जागावी लागते. बोहाडा. उन्हाळ्याच्या तोंडाला जव्हार-मोखाड्याकडे देवादिकांची, राक्षसांची सोंगं निघतात. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे, संबळ आणि पिपाणी. मुखवट्याचं वजन मी एकदा डोक्यावर घेऊन पाहिलं. मान दोन दिवस धरली होती. सोंग घेणारा माणूस तसाच नाचत पुढं येतो, मागं जातो, आणि मुखवट्याच्या तोंडाच्या फटीतून त्याचे खरे ओठ श्वासासाठी उघडताना दिसतात. त्या सबंध रात्रीत राजे येतात, राक्षस येतात. कातड्याची गोष्ट मला मात्र त्यात कधी दिसली नाही. दरबारात ती मानाची असेल. पाड्यावर तिचं सोंग काढावं असं कुणाला वाटलेलं नाही.

आता पाणी. नकाशा लक्षात ठेवा म्हटलं होतं.

कॉन्स्टंटाइनला पाण्याचा प्रश्न जुनाच. नदी पायाशी, शहर डोक्यावर. रोमनांनी बाहेरून कमानीवरून पाणी आणलं, त्या कमानींचे अवशेष शहराबाहेर अजून उभे आहेत. या शतकात अल्जीरिया सरकारनं खाली रुमेलच्याच खोऱ्यात बेनी हारून नावाचं धरण बांधलं, देशातलं सर्वांत मोठं, आणि तिथून पंपांनी पाणी डोंगर चढवून कॉन्स्टंटाइनला आणि त्यापुढच्या शहरांना नेलं. वीज जळते, खर्च होतो, पण पाणी वर जातं. कारण शहर वर आहे.

आमच्या जव्हारचं उलट. इथं पाऊस कमी नाही. पावसाळ्यात धो धो कोसळतो, ओहळ अंगावर येतात. फेब्रुवारीत विहिरी तळ दाखवतात. मग नदीच्या कोरड्या पात्रात बायका हातानं वाळू बाजूला करून डवरा खणतात. वीतभर खोल खड्डा. त्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचं, वाटीनं ते गाळ न हलवता उचलायचं, हंड्यात ओतायचं. पुन्हा थांबायचं. मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो. एका हंड्याला पाऊण तास. त्या बाईनं विचारलं, काय बघतो? मला उत्तर देता आलं नाही.

वाघ आणि दमणगंगेवर धरणं बांधून ते पाणी पिंजाळमध्ये आणि पुढं मुंबईला न्यायची योजना कागदावर आहे. सूर्येचं पाणी वसई-विरारकडे गेलं आहे. वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झालं, मग अप्पर वैतरणा, आणि २०१४ मध्ये मोखाड्याच्या हद्दीवर मध्य वैतरणा. १०२ मीटर उंच. आणि मोखाडा म्हणजे जव्हारच्या लगतचाच मुलूख. वैतरणेवरच्या या धरणांच्या पाण्याला वर चढवावं लागत नाही. ते उताराचं पाणी, ते उतरतं. उतरत उतरत नळांतून कशेळीची खाडी ओलांडतं आणि तुमच्या बाळकुमला येतं. थांबत नाही, मुंबईला जातं. नाक्यावर जे जाडजूड काळे नळ तुम्ही लहानपणापासून पाहता, ज्यांच्यावर बसून तुमच्यापैकी काहींनी परीक्षेचा अभ्यास केला असेल, त्यांत हे पाणी आहे. वैतरणेकाठचा पाऊस तुमच्या अंगणातून जातो. तुम्हालाही तो मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा सगळ्या राज्याचं लक्ष तिकडं गेलं, मंत्री गेले, गाड्या गेल्या. तेवढ्या एका पावसाळ्यात जव्हार नकाशावर मोठं झालं. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्हा तोडून पालघर झाला तेव्हा मुख्यालय जव्हारला हवं, अशी तिथल्या लोकांची मागणी होती. मुख्यालय खाली पालघरला गेलं. पठारावरून गोष्टी खाली जातात, वर येत नाहीत. गुरुजींना हे आवडलं नसतं, पण त्यांनी फळ्यावर तेच काढलं असतं: आधी नद्या.

माणसंही खाली येतात. दिवाळी झाली, भात झोडून झालं, वरकसावरची नागली-वरई घरात आली, की पाडेच्या पाडे रिकामे होतात. भिवंडीच्या वीटभट्ट्या, वसईची बांधकामं, तुमच्या बाळकुम-कोलशेतचे टॉवर. जव्हार-मोखाड्याकडे याला मजुरीला जाणं म्हणत नाहीत. म्हणतात, जगायला गेलेत. वर्गात हजेरी घेताना मी नाव पुकारायचो आणि मागच्या बाकावरून उत्तर यायचं: जगायला गेला, सर. मी हजेरीपटावर गैरहजर लिहायचो.

आज इथं यायला निघालो तो जरा लवकरच पोचलो. म्हणून कशेळीच्या बाजूला चालत गेलो. नळांच्या कडेला चार-पाच कुटुंबांचा मुक्काम होता. तीन दगडांची चूल, पातेलं, एक मूल टायरमध्ये बसलेलं. एका नळाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं, अगदी बारीक. तिथं एक बाई उकिडवी बसली होती. हातात स्टीलची वाटी. वाटी भरली की हंड्यात ओतायची, पुन्हा सांध्याखाली धरायची. विचारलं, कुठल्या? म्हणाली, खोडाळ्याच्या. खोडाळा म्हणजे मध्य वैतरणेच्या अगदी वरच्या अंगाला. मी आणखी काही विचारणार होतो, पण तिची वाटी काठोकाठ आली होती, आणि ती सांडू नये म्हणून तिनं मान वळवली नाही.